दहा सेंटिमीटरची वाट

१७ एप्रिल २०११, रविवार. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरचा फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्प. तिसऱ्या भट्टीच्या इमारतीचं दार पाच आठवड्यांपासून कुणी उघडलं नव्हतं. आत किती किरणोत्सर्ग आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे माणूस पाठवायचा तर किती मिनिटांसाठी, याचाही हिशेब मांडता येत नव्हता. त्या दिवशी ते दार दोन यंत्रांनी उघडलं. रबरी पट्ट्यांवर चालणारी, एक लांब हात आणि दोन-चार कॅमेरे असलेली ही यंत्रं अमेरिकेतल्या आयरोबोट कंपनीची होती आणि त्यांचं नाव होतं पॅकबॉट. अफगाणिस्तान आणि इराकमध्ये रस्त्याकडेला पेरलेले बॉम्ब शोधायला ती वापरली जायची. कंपनीने ती जपानला भेट दिली होती. दोघांची जोडी आत गेली. एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने मागे राहून पहिल्यावर कॅमेरा रोखायचा, म्हणजे चालवणाऱ्याला आपलं यंत्र कुठे अडतंय ते बाहेर बसून दिसावं.

आत सगळीकडे ढिगारा होता, त्यामुळे फार पुढे जाता आलं नाही. पण आकडा मिळाला: तासाला २८ ते ५७ मिलिसिव्हर्ट. त्याच दुपारी पहिल्या भट्टीत १० ते ४९ मोजले गेले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भट्टीत गेल्यावर वाफेने कॅमेऱ्याची काचच धुरकटली आणि यंत्राला माघारी आणावं लागलं.

या आकड्यांचं मोल समजायला एक साधं गणित पुरेसं आहे. आणीबाणीत काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची मर्यादा सरकारने १०० वरून २५० मिलिसिव्हर्टवर नेली होती. तासाला ५७ असतील तर साडेचार तासांत तो माणूस संपूर्ण आणीबाणीपुरता बाद. पण दहा मिनिटं आत जाऊन यायला हरकत नाही. ५ मे रोजी पहिल्या भट्टीच्या इमारतीत बारा माणसं लहान गटांनी, जेमतेम दहा-दहा मिनिटांसाठी गेली आणि हवा गाळणाऱ्या यंत्रणेचे नळ बसवून आली. स्फोटानंतर त्या इमारतीत पडलेली ती पहिली मानवी पावलं. ती पडू शकली, कारण आधी एक यंत्र जाऊन मोजून आलं होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला त्या आठवड्याची आणखी एक आठवण असेल. पॅकबॉट दुसऱ्या भट्टीत शिरला त्याच १८ एप्रिलला रत्नागिरी जिल्ह्यात साखरी नाटे इथे जैतापूर प्रकल्पविरोधी आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि एकाचा जीव गेला. फुकुशिमाची चित्रं तेव्हा कोकणातही घरोघर दिसत होती. आणि तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या, जनरल इलेक्ट्रिकच्या, पाणी भट्टीतच उकळवून वाफ करणाऱ्या पद्धतीच्या. फुकुशिमाची पहिली भट्टी त्याच कंपनीची, त्याच पद्धतीची, १९७१ सालची. आपल्यासाठी ही गोष्ट अगदीच परक्या घरची नाही.

घडलं काय होतं ते थोडक्यात सांगतो. ११ मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या. पण बंद भट्टीतलं इंधनही कित्येक दिवस तापत राहतं आणि त्यावर पाणी फिरवत राहावं लागतं. पाऊण-एक तासाने सुमारे १४-१५ मीटर उंचीची त्सुनामी आली आणि डिझेल जनित्रं बुडाली. पाणी फिरायचं थांबलं. इंधनाच्या नळ्यांचं झिर्कोनियम वाफेशी संयोग पावून हायड्रोजन सुटू लागला. १२ तारखेला पहिल्या इमारतीचा, १४ ला तिसरीचा आणि १५ ला चौथीचा स्फोट झाला. पहिल्या तिन्ही भट्ट्यांचं इंधन वितळून खाली उतरलं. कुठवर उतरलं, कोणत्या रूपात थिजलं, हा प्रश्न पुढची सगळी वर्षं उभा राहिला.

इथे एक प्रश्न जपानी लोकांनी स्वतःलाच तळमळून विचारला. कारखान्यांत जगात सर्वांत जास्त यंत्रमानव राबवणाऱ्या देशांपैकी एक असलेल्या जपानला दार उघडायला अमेरिकेचं यंत्र का लागावं?

याचं उत्तर १९९९ सालात आहे. ३० सप्टेंबरला तोकाइमुरा गावातल्या इंधन प्रक्रिया कारखान्यात कामगारांनी युरेनियमचं द्रावण टाकीत मर्यादेबाहेर ओतलं, साखळी प्रक्रिया सुरू झाली आणि पुढे दोघे दगावले. त्यानंतर सरकारने सुमारे ३ अब्ज येन खर्चून अणुअपघातात शिरू शकणारी यंत्रं बनवून घेतली. मित्सुबिशी, हिताची, तोशिबा अशा मातब्बर कंपन्यांनी ती केलीही. आणि मग प्रकल्पच गुंडाळला गेला. अशी यंत्रं लागण्याची वेळ आपल्याकडे येणारच नाही, असं ठरवण्यात आलं. माझ्या मते फुकुशिमातल्या यंत्रांच्या इतिहासातलं सर्वांत क्लेशकारक पान हेच आहे. ज्ञान होतं, पैसा होता, माणसं होती. अपघात होऊ शकतो हे तोंडाने कबूल करायची तयारी तेवढी नव्हती. अपघाताचं यंत्र प्रकल्पाच्या आवारात ठेवायचं म्हणजे शेजारच्या गावाला आपण होऊन भीती दाखवायची, असा तो विचार. तो विचार करणारे दुष्ट नव्हते, पण त्याची किंमत २०११ मध्ये दाराशी उभ्या असलेल्या कामगारांनी मोजली.

आधीच्या दोन मोठ्या अपघातांनी दोन वेगळे धडे दिलेले होते. अमेरिकेत थ्री माइल आयलंडवर १९७९ मध्ये भट्टी अर्धवट वितळली, तेव्हा इमारतीच्या तळघरात दूषित पाणी साठलं आणि तिथे माणूस उतरवणं अशक्य होऊन बसलं. त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या रेड व्हिटेकर यांनी आपल्या चमूसह सहा चाकांचा रोव्हर बनवला. १९८४ मध्ये तो क्रेनने तळघरात सोडला गेला. त्याने दिवे लावून चित्रं दाखवली आणि पुढे भिंतींच्या काँक्रीटचे नमुनेही काढून आणले.

चेर्नोबिलचा धडा उलटा आहे. १९८६ मध्ये भट्टीतून उडालेले ग्रॅफाइटचे तुकडे शेजारच्या छपरांवर पडले होते आणि ते ढकलून खाली पाडायचे होते. चंद्रावर चाललेल्या लुनोखोद गाडीच्या अनुभवातून सोव्हिएत अभियंत्यांनी बनवलेली यंत्रं तिथे काही काळ चालली. पश्चिम जर्मनीतून आलेलं ‘जोकर’ मात्र छपरावर ठेवल्यावर फार लवकर मान टाकून बसलं. शेवटी तीन हजारांहून जास्त माणसं शिशाचे पत्रे अंगाला बांधून, फावडी घेऊन वर गेली. प्रत्येकाने जेमतेम मिनिटा-दोन मिनिटांत एक-दोन फावडी टाकायची आणि पळत खाली यायचं. त्यांना ‘बायोरोबोट’ म्हणत. हा शब्द वाचला की मी दर वेळी थांबतो. यंत्र हरलं की त्याच्या जागी माणूस उभा राहतो आणि त्याला यंत्राचंच नाव मिळतं. फुकुशिमात जे काही चाललं आहे, ते हे पुन्हा होऊ नये म्हणून.

जपानी बनावटीचं पहिलं यंत्र जून २०११ मध्ये आत गेलं. त्याचं नाव क्विन्स. चिबा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि तोहोकू विद्यापीठ इथल्या संशोधकांनी ते भूकंपात कोसळलेल्या इमारती आणि भुयारी बाजारपेठांत अडकलेली माणसं शोधायला घडवलं होतं. चारी कोपऱ्यांना स्वतंत्र हलणारे छोटे पट्टे असल्यामुळे ते जिने चढायचं, आणि हे पॅकबॉटला तिथे जमत नव्हतं. अणुभट्टीसाठी त्यात दोन गोष्टी नव्याने कराव्या लागल्या. एक म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉनिक भाग गॅमा किरणांखाली धरून किती तग धरतात ते तपासणं. दुसरी म्हणजे तार. भट्टीच्या इमारतीच्या भिंती इतक्या जाड की बिनतारी संदेश जिन्याचं एक वळण पार करत नाही. म्हणून यंत्राच्या पाठीवर शेकडो मीटर तारेचं रीळ चढवलं गेलं. यंत्र पुढे जाईल तशी तार मागे सुटत जाणार.

पहिल्याच फेरीत अडचण आली. तळघरात पाण्याची पातळी मोजायचं साधन सोडायचं होतं, पण जिन्याचा चौक कागदावरच्यापेक्षा अरुंद निघाला आणि क्विन्सला वळताच येईना. चाळीस वर्षं चाललेल्या प्रकल्पात नकाशा आणि जागा यांचा मेळ राहत नाही. दरम्यान कुणीतरी नळ टाकलेला असतो, कुणीतरी कपाट ठेवलेलं असतं. तरी पुढच्या महिन्यांत या यंत्राने मोठं काम केलं. तिसऱ्या भट्टीत वरच्या मजल्यावर जाऊन भट्टीत पाणी फवारणाऱ्या नळांची अवस्था दाखवली, ठिकठिकाणी किरणोत्सर्ग मोजला.

२० ऑक्टोबरला ते दुसऱ्या भट्टीच्या पाचव्या, सर्वांत वरच्या मजल्यावर पोचलं आणि मोजमाप करून परतीला लागलं. तिसऱ्या मजल्यावर त्याची तार नळांमध्ये अडकली. चालवणारे होते वीज कंपनी टेपकोचे कर्मचारी, संशोधकांकडून शिकून तयार झालेले. मागे घ्यावं तर तार आणखी आवळते, पुढे न्यावं तर जिना. सोडवता सोडवता तारच निकामी झाली आणि पडदा काळा झाला. क्विन्स तिथेच राहिलं.

त्यानंतर संशोधकांनी केलेली दुरुस्ती मला फार शहाणपणाची वाटते. फेब्रुवारी २०१२ मध्ये आलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या क्विन्सना तार आपोआप गुंडाळून घेणारं रीळ होतं, आणि एकाची तार तुटली तर जोडीदाराने जवळ जाऊन बिनतारी संदेशाने त्याला चालवायची सोय होती. पुढचं यंत्र कसं असावं हे आधीचं कुठे मेलं यावरून ठरायचं, आणि पुढची दहा वर्षं फुकुशिमातली यंत्रं अशीच घडत गेली.

इथवरचं सगळं इमारतीत चाललं होतं. भट्टी अजून पुढेच होती. इमारतीच्या आत पोलादी कवच असतं, त्याच्या आत काँक्रीटचा गोल चौथरा आणि त्या चौथऱ्यावर खुद्द भट्टीचं पात्र. वितळलेलं इंधन पात्राचं बूड फोडून चौथऱ्याच्या पोकळीत पडलं असणार, असा अंदाज होता. २०१५ च्या सुरुवातीला वैश्विक किरणांमुळे वातावरणात सतत तयार होणाऱ्या म्युऑन कणांच्या साहाय्याने पहिल्या भट्टीची जणू छाया घेतली गेली आणि जिथे इंधन असायला हवं ती जागा रिकामी दिसली. आता खाली पाहणं भाग होतं. पण पोलादी कवचाला भगदाड पाडून चालणार नव्हतं. आत पुन्हा हायड्रोजनचा स्फोट होऊ नये म्हणून नायट्रोजन भरलेला होता, आणि आतली धूळ बाहेर येऊ द्यायची नव्हती. वाट एकच, तारा आणि नळ आत नेण्यासाठी कवचाला मुळात ठेवलेली भोकं. पहिल्या भट्टीत त्यातलं मिळालं ते सुमारे १० सेंटिमीटरचं. यंत्र त्यातून शिरायला हवं आणि आत गेल्यावर जाळीच्या फरशीवर नीट चालायलाही हवं.

हिताचीच्या अभियंत्यांनी आकार बदलणारं यंत्र केलं. नळीतून जाताना ते सरळ, साठेक सेंटिमीटर लांबीची दांडी असायचं. आत उतरलं की दोन्ही टोकांचे पट्टे काटकोनात वळवून यू आकाराचं व्हायचं आणि पाय रोवून चालायचं. १० एप्रिल २०१५ ला ते आत गेलं, सुमारे तीन तास चाललं आणि जाळीच्या फटीत अडकलं. तार कापून टाकावी लागली. पाच दिवसांनी दुसरं सोडलं. त्याचा कॅमेरा किरणोत्सर्गाने खराब झाला आणि तेही आतच राहिलं. पण तासाला १० सिव्हर्टच्या जवळपास, म्हणजे तासभर राहिल्यास माणसाला जीवघेणा ठरणारा किरणोत्सर्ग आत आहे, हे प्रत्यक्ष मोजून कळलं.

कॅमेऱ्याचं मरण कसं दिसतं ते सांगायला हवं. गॅमा किरण कॅमेऱ्याच्या संवेदकावर आदळले की चित्रात पांढरे ठिपके उमटतात. जसजसं यंत्र भट्टीजवळ जातं तसतसे ते दाट होत जातात, इतके की चालवणारे लोक ठिपक्यांच्या दाटीवरूनच किरणोत्सर्गाचा अंदाज बांधतात. हळूहळू भिंगाची काच काळवंडते, चित्र अंधारत जातं. मग एखादा भाग कायमचा बंद पडतो आणि त्या क्षणानंतर यंत्र जिथे असेल तिथे असतं.

दुसऱ्या भट्टीसाठी तोशिबाने विंचू केला. लांबी ५४ सेंटिमीटर, उंची आणि रुंदी ९-९ सेंटिमीटर. नळीतून सरपटत आत जायचं, भट्टीखाली जाणाऱ्या अरुंद रुळावरून पुढे सरकायचं आणि टोकाला पोचल्यावर नांगी पाठीवरून उचलून तिच्या टोकाच्या कॅमेऱ्याने वर पाहायचं. उलटला तर नांगीचा टेकू घेऊन सुलटही होता येईल, अशी सोय होती. २०१५ मध्येच तो जायचा होता, पण नळीच्या तोंडाशीच किरणोत्सर्ग इतका निघाला की ती जागा साफ करण्यात दीड वर्ष गेलं. जानेवारी २०१७ च्या अखेरीस लांब काठीवरचा कॅमेरा आत सरकवला, तेव्हा भट्टीखालच्या जाळीला सुमारे एक मीटरचं भगदाड दिसलं. वितळलेलं काहीतरी तिथून खाली गेलं होतं. चित्रावरून तासाला ५३० सिव्हर्टचा अंदाज निघाला आणि जगभर मथळे झाले. काही महिन्यांनी टेपकोने तो आकडा चुकीचा ठरवून पुष्कळ खाली आणला. त्या दुरुस्तीला मात्र फारसे मथळे मिळाले नाहीत. ९ फेब्रुवारीला वाट धुऊन काढायला पाण्याचा फवारा असलेलं यंत्र गेलं, आणि दोनेक तासांत त्याचं चित्र अंधारू लागल्यावर ते बाहेर ओढून घेतलं. १६ फेब्रुवारीला विंचू निघाला. रुळावर थिजलेल्या ढिगाऱ्यात त्याचा एक पट्टा रुतला. टोक सुमारे तीन मीटरवर राहिलं होतं. पुष्कळ खटपट करून अखेर तार कापली गेली. नांगी उचलायची वेळच आली नाही.

वर्तमानपत्रांनी ‘यंत्रमानव हरले’ असं लिहिलं. मला ते पटत नाही. रूळ कुठवर मोकळा आहे आणि ढिगारा किती घट्ट आहे, हे त्या तीन मीटरांआधीच्या मुक्कामाने सांगितलं. शिवाय अडकलेल्या विंचवाच्या जागी १९८६ मध्ये माणूस असता.

यश आलं ते पाण्यातून. तिसऱ्या भट्टीच्या कवचात सहा मीटरच्या आसपास पाणी साठलं होतं, तेव्हा तिथे चालायचं नसून पोहायचं होतं. तोशिबाने १३ सेंटिमीटर व्यासाचं, ३० सेंटिमीटर लांबीचं, दोनेक किलो वजनाचं यंत्र केलं. पाच छोटे पंखे आणि पुढे-मागे कॅमेरा. समुद्रातल्या गोलमटोल मानबो माशावरून त्याला ‘मिनी मानबो’ म्हणू लागले. आत शिरायची नळी १४ सेंटिमीटरची, म्हणजे कडेला अर्ध्या सेंटिमीटरची मोकळीक. चालवणाऱ्यांनी आधी मोठ्या टाकीत खोटा ढिगारा उभारून सराव केला होता. तळाचा गाळ ढवळला की काहीच दिसत नाही, म्हणून पंख्यांचा वेग किती ठेवायचा, हेही तिथेच शिकावं लागलं. जुलै २०१७ मध्ये १९, २१ आणि २२ तारखेला तो आत गेला. पहिल्या दिवशी मोडकी चौकट दिसली. तिसऱ्या दिवसापर्यंत भट्टीच्या बुडाशी लोंबत थिजलेले ओघळ दिसले आणि चौथऱ्याच्या तळाशी गोटे, ढेकळं, वाळूसारखा थर. अपघाताला सहा वर्षं उलटून गेल्यावर वितळलेलं इंधन बहुधा पहिल्यांदाच माणसाच्या नजरेला पडलं.

पुढची पावलं भराभर पडली नाहीत, पण पडत राहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये दुसऱ्या भट्टीत यंत्राच्या दोन बोटांनी तळावरचे खड्यांसारखे तुकडे उचलून पाहिले आणि परत ठेवले. ते सुटे आहेत, हलवता येतात, एवढंच सिद्ध करायचं होतं. २०२२-२३ मध्ये पहिल्या भट्टीच्या पाण्यात फिरलेल्या यंत्रांनी भट्टी तोलून धरणाऱ्या चौथऱ्याचं काँक्रीट तळाशी नाहीसं झाल्याचं आणि आतल्या सळया उघड्या पडल्याचं दाखवलं. मोठा भूकंप झाला तर तो चौथरा टिकेल का, ही चर्चा तिथून सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये त्याच चौथऱ्याच्या पोटात १८५ ग्रॅमचे ड्रोन उडवले गेले. वजनाने दोन मध्यम कांद्यांएवढे. संदेश आतपर्यंत पोचावा म्हणून सापासारखं एक यंत्र आधी आत शिरून त्यांना बिनतारी संपर्क पुरवत होतं. एक दिवस तो सापच अडून बसला आणि उड्डाण थांबवावं लागलं.

आणि मग नमुना. बावीस मीटरपर्यंत लांबणाऱ्या, मासेमारीच्या गळकाठीच्या धर्तीवर उघडणाऱ्या दांड्याच्या टोकाला चिमटा लावून दुसऱ्या भट्टीतून इंधनाचा कण आणायचा होता. २२ ऑगस्ट २०२४ ला काम सुरू होतानाच थांबलं. दांड्याला मागून रेटणाऱ्या नळ्या चुकीच्या क्रमाने लावलेल्या निघाल्या, आणि ते तपासायला टेपकोचं कुणी जागेवर नव्हतं. सप्टेंबरमध्ये आत गेल्यावर टोकाचे कॅमेरे बंद पडले. ते बदलले. ३० ऑक्टोबरला चिमट्याने खडा उचलला आणि ७ नोव्हेंबरला तो सुरक्षित पेटीत बंद झाला. वजन ०.७ ग्रॅम. एप्रिल २०२५ मध्ये दुसरा कण निघाला, तो त्याहून लहान.

तिन्ही भट्ट्यांत मिळून वितळून थिजलेल्या इंधनाच्या अशा मिश्रणाचा अंदाज ८८० टन आहे. नमुन्यातून ते किती कठीण आहे, त्यात युरेनियमसोबत झिर्कोनियम आणि पोलाद कसं मिसळलंय, हे समजल्यावरच ते कापायची हत्यारं ठरणार आहेत. जुलै २०२५ मध्ये टेपकोने सांगितलं की तिसऱ्या भट्टीतून मोठ्या प्रमाणावर इंधन काढण्याच्या तयारीलाच बारा ते पंधरा वर्षं लागतील, म्हणजे प्रत्यक्ष काम २०३७ च्या आधी नाही. संपूर्ण प्रकल्प २०५१ पर्यंत मोडीत काढायचं जुनं उद्दिष्ट त्यांनी अजून बदललेलं नाही.